हजार फुटांचे घर, सातशे फुटांचा संसार

यवतमाळ शहरातून दारव्हा रोड, आर्णी रोड किंवा धामणगाव रोडने बाहेर पडावे, तर दोन्ही बाजूंना चार-पाच मजली इमारती आणि त्यांवर ‘टू बीएचके, सर्व सुखसोयींनी युक्त’ असे फलक दिसतात. पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड येथेही चित्र फारसे निराळे नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे बाजारपेठेतील जुन्या वाड्यातून किंवा ‘खाली दुकान, वर घर’ अशा इमारतीतून या सदनिकांत राहावयास गेली. त्यामागची कारणे खरी आहेत. भावांच्या वाटण्या झाल्या, जुन्या घराची डागडुजी परवडेनाशी झाली, सुनांना स्वतंत्र खोली आणि स्वच्छ न्हाणीघर हवे होते, आणि ते मागणे मुळीच गैर नव्हते. तेव्हा सदनिकेत राहावे की नाही, हा माझा प्रश्न नाही. आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचे कर्ज घालून जे घर घेतले जाते, त्यात त्या कुटुंबाचा रोजचा व्यवहार मावतो का, एवढेच मला विचारायचे आहे.

बँकेतील नोकरीत गृहकर्जाची शेकडो प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. प्रत्येक फाइलमध्ये वकिलाचा शोध अहवाल असे, नगर परिषदेचा मंजूर नकाशा असे, मूल्यांकन करणाऱ्या अभियंत्याचा अहवाल असे. मालकी निर्वेध आहे का, बांधकाम परवानगीप्रमाणे आहे का, आणि कर्ज थकले तर घर विकून रक्कम वसूल होईल का, हे बँकेने पाहायचे असते आणि ती ते पाहते. आजीची खाट कोठे लागेल, हे विचारणारा रकाना कोणत्याही अर्जात नसतो. तो बँकेचा विषयही नाही. बिल्डर मात्र तो विषय बँकेवर ढकलतो. ‘काकाजी, बँक कर्ज देते आहे म्हणजे सगळे ठीकच आहे,’ हे वाक्य ग्राहकांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते प्रत्येक विक्री कार्यालयात पाठ करून घेतले जात असावे.

प्रथम हिशोब पाहू, कारण व्यापारी कुटुंबाला तो लवकर उमजतो. समजा, एक सदनिका हजार फुटांची म्हणून साडेतीन हजार रुपये फूट या दराने विकली गेली. किंमत झाली पस्तीस लाख. हे हजार फूट म्हणजे ‘सुपर बिल्ट-अप’. त्यात जिना, लिफ्ट, मधला बोळ, बाहेरच्या भिंतींची जाडी असे सर्व काही धरलेले असते. आत फीत लावून मोजले तर सतरंजी अंथरता येईल अशी जागा निघते सातशे फूट. म्हणजे वापराच्या जागेचा दर साडेतीन नव्हे, पाच हजार रुपये पडला. कापसाच्या गाठीचे वजन करताना बारदानाची वजावट न विसरणारा आपला माणूस घर घेताना बारदानासकट तोलून घेतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

हा गोंधळ थांबावा म्हणूनच २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या पक्की केली. बाहेरच्या भिंती, सेवा नलिका, स्वतंत्र बाल्कनी आणि खुली गच्ची वगळून उरलेले, परंतु आतील भिंती धरून मोजलेले निव्वळ वापरण्याजोगे क्षेत्र म्हणजे चटई क्षेत्र. नोंदणीकृत प्रकल्पात याच मापाने विक्री करावी लागते. परंतु या कायद्यात एक खिडकी उघडी आहे, आणि आपल्या जिल्ह्यात वारा नेमका तेथूनच शिरतो. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरहून अधिक नाही, किंवा ज्यात आठाहून अधिक सदनिका नाहीत, त्याला नोंदणीची सक्ती नाही. पाचशे चौरस मीटर म्हणजे सुमारे ५,३८० चौरस फूट. आपल्याकडील जुन्या ले-आउटमधील तीन हजार फुटांचा भूखंड घेऊन त्यावर बांधलेली इमारत सहजच या मर्यादेत बसते. अशा ठिकाणी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प शोधून सापडणार नाही. तरीही ग्राहक अगदी निराधार नसतो. सदनिकांच्या मालकी हक्काबाबतचा १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा, ज्याला आपण ‘मोफा’ म्हणतो, त्यातही चटई क्षेत्र सांगून विक्री करण्याची आणि बाल्कनीचे क्षेत्र वेगळे दाखवण्याची तरतूद आहे. करारनाम्यात तो आकडा लिहिलेला आहे का, हे सहीपूर्वी पाहावे. बहुतेक लोक करारनाम्यात फक्त किंमत आणि ताब्याची तारीख वाचतात.

परंतु आकडा खरा निघाला म्हणजे घर चांगले निघाले, असे नव्हे. सातशे फुटांतही उत्तम घर होते आणि बाराशे फुटांतही वाईट घर होते. आपल्या जुन्या घरांच्या भिंती आठवा. माती-दगडाच्या, दीड-दोन फूट जाडीच्या. त्या जाडीतच देवळ्या, कोनाडे आणि लाकडी दारांची फडताळे असत. धान्याचे बळद असे. वर सागवानी तुळया, त्यांवर पाटई आणि त्यांवर मातीचे धाबे. सागवान आपल्याच जिल्ह्यातील जंगलांतले. ही भिंत उन्हाला अडवी आणि घरातील निम्मे सामान पोटात घेई. नव्या बांधकामात भिंत सहा किंवा नऊ इंचांची झाली, आतली तर चारच इंचांची. जागा वाचली, असे आपल्याला सांगण्यात आले. प्रत्यक्षात भिंतीतले कपाट बाहेर येऊन फरशीवर उभे राहिले. चटई क्षेत्राच्या आकड्यात कपाटाखालची जमीन वजा होत नाही, म्हणून ही घट कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय त्या कपाटाचा खर्च वेगळा. घराच्या किमतीत सामान ठेवण्याची सोय नसते, म्हणून ताबा मिळताच सुताराला लाखांनी रक्कम द्यावी लागते. मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च सामान्यतः कर्जाच्या हिशोबात धरला जात नसल्याने हातची रोकड आधीच संपलेली असते. मग फर्निचरसाठी वैयक्तिक कर्ज काढले जाते, आणि त्याचा व्याजदर गृहकर्जाहून बराच चढा असतो.

शयनगृहाचे उदाहरण घ्या. माहितीपत्रकात ‘१० बाय १०’ लिहिलेले असते. सहा फूट रुंद, साडेसहा फूट लांब पलंग ठेवला की पायथ्याशी साडेतीन फूट उरतात. तेथे पावणेदोन फूट खोलीचे लोखंडी कपाट ठेवले की मध्ये पावणेदोन फुटांची वाट राहते. कपाटाचे दार उघडायला दीड फूट लागतो. म्हणजे साडी काढायची तर आधी पलंगावर बसायचे आणि मग दार उघडायचे. त्यातच एका भिंतीत खोलीचे दार, दुसऱ्या भिंतीत संडास-बाथरूमचे, तिसऱ्या भिंतीत बाल्कनीचे. सामान टेकवायला एक सलग भिंत उरत नाही. माहितीपत्रकातील चित्रात मात्र सर्व काही नीट बसलेले दिसते, कारण त्यातील पलंग पाच फुटांचाही नसतो. चित्रावर फूटपट्टी ठेवून पाहा.

राष्ट्रीय इमारत संहितेत दोन खोल्यांच्या घरासाठी एक खोली किमान साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट, आणि दुसरी किमान साडेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८१ चौरस फूट असावी, असे सांगितले आहे. स्वतंत्र स्वयंपाकघर किमान पाच चौरस मीटर. हे आकडे ‘याहून कमी नको’ अशा अर्थाचे आहेत. बांधणाऱ्यांनी ‘एवढे पुरे’ असा त्यांचा अर्थ लावला.

स्वयंपाकघराविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आपल्या घरांची रीत तेथे सर्वांत जास्त अडखळते. आपल्याकडे पाणी गाळले जाते, अनेक घरांत उकळून थंड केले जाते. त्यासाठी मोठे पातेले, रुंद परात आणि ती झाकून ठेवायला ओट्यावर जागा लागते. वर्षाचे गहू, तूर, मूग एकदम भरण्याची चाल अजून बऱ्याच घरांत आहे. उन्हाळ्यात धान्य वाळवून, एरंडेल लावून ठेवायचे तर कोरडी, हवा खेळती असलेली जागा हवी. बाथरूमवरच्या दोन फूट उंचीच्या दमट माळ्यावर कोठी चढवली की पावसाळ्यात त्यात किडे-टोके होतात, आणि मग जीवदयेच्या घरात रोज सुपातून किडे निवडत बसावे लागते. घरातील बाईच्या मनाला ते किती लागते, हे नकाशा काढणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. चौविहार पाळणाऱ्या घरात सायंकाळचा स्वयंपाक पाचच्या सुमारास सुरू होतो. मे महिन्यात त्या वेळी पश्चिमेची भिंत तापून लाल झालेली असते. माहितीपत्रकात ‘वास्तुशास्त्रानुसार आग्नेयेला स्वयंपाकघर’ असे ठळक छापलेले असते, पण त्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी डक्टमध्ये उघडते. आग्नेय दिशा साधली, वारा मात्र आला नाही.

उन्हाळा आपल्याकडे काय असतो, हे विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पारा ४२-४४ अंशांवर जाणे ही नवलाची गोष्ट नाही. या हवेत कूलर हेच मध्यमवर्गाचे खरे यंत्र. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून आत ढकलतो, म्हणून ती आत आलेली हवा समोरच्या बाजूने बाहेर जायला वाट हवी. ज्या सदनिकेला एकाच बाजूने खिडक्या आहेत, तेथे कूलर लावला की तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिकते आणि कूलर ‘चालत नाही’ म्हणून वातानुकूलन यंत्र घ्यावे लागते. चूक यंत्राची नसते, नकाशाची असते. त्यातच सरकत्या काचेच्या खिडकीत निम्माच भाग उघडतो. कूलर ठेवायला चौकट नाही, त्याच्या पाण्याला नळ नाही, लोखंडी स्टँडला बाहेर आधार नाही. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा डबा मग धुण्याच्या यंत्राशेजारी त्या तीन फुटी ड्राय बाल्कनीत बसवतात आणि कपडे वाळत घालणाऱ्या सुनेच्या तोंडावर गरम हवेचा झोत येतो. विदर्भात बांधलेल्या घरात कूलरची जागा नसावी, हे मला कोकणात बांधलेल्या घराला पागोळी नसण्यासारखे वाटते.

आणि पाणी. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी देणारी धरणे आटली, तेव्हाचे हाल यवतमाळकर विसरलेले नाहीत. टँकर आला की पिंप, घागरी, बादल्या, जे असेल ते भरून ठेवायचे. ज्यांच्या घराला अंगण होते, त्यांनी पिंपे अंगणात मांडली. सदनिकांत ती दिवाणखान्यात सोफ्याशेजारी उभी राहिली. पुढे बेंबळा प्रकल्पातून पाणी आणण्याचे काम झाले ही चांगली गोष्ट आहे. पण पाणी साठवण्याची गरज या जिल्ह्यातून कायमची गेली, असे समजून घर बांधणे धाडसाचे आहे.

जुन्या घरांचे मी गोडवे गात नाही. मधली खोली दिवसाही अंधारी असे. चुलीच्या धुराने आमच्या आईच्या पिढीचे डोळे गेले. शौचालय परसदारी, पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन जावे लागे. नवपरिणीत जोडप्याला एकांत नव्हता. बाजारातील वीस फूट रुंद आणि शंभर फूट खोल अशा घरांत तर दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक, हवा फक्त मधल्या चौकातून. तरी तो चौक होता. पुढे त्या घरांवर स्लॅब पडले, तेव्हा प्रथम चौकच झाकला गेला, आणि तो आपल्याच लोकांनी झाकला. त्याचा दोष कोणत्याही बिल्डरवर जात नाही.

वृद्धांचा विषय मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. दोन शयनगृहांपैकी एक मुलगा-सुनेचे, दुसरे नातवंडांचे. आई-वडिलांची खाट दिवाणखान्यात. रात्री टीव्ही बंद होईपर्यंत त्यांना आडवे होता येत नाही, आणि पाहुणे आले की उठून बसावे लागते. सामायिकाला बसायला शांत कोपरा शोधावा लागतो, तो बहुधा ड्राय बाल्कनीत सापडतो. बाथरूमचे दार सव्वादोन फुटांचे, चौकट वजा जाता दोन फूट. चाकाची खुर्ची साधारण दोन फुटांहून थोडी अधिकच रुंद असते. सहा माणसांच्या लिफ्टची पेटी साडेतीन फुटांच्या आसपास, तीत स्ट्रेचर आडवा मावत नाही. माझ्या परिचयातील एका कुटुंबात चौथ्या मजल्यावर आईचे निधन झाले. जिन्याचे वळण इतके अरुंद की तिरडी फिरेना. शेवटी पार्थिव चादरीत गुंडाळून, खुर्चीला बांधून खाली आणले आणि रस्त्यावर तिरडी बांधली. थोरल्या मुलाने मला नंतर सांगितले, ‘भाईजी, बाईला त्या खुर्चीवर पाहिले ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.’ ज्या माउलीने साठ वर्षे घर सांभाळले, तिला त्या घरातून झोपलेल्या अवस्थेत बाहेर काढता आले नाही. जिन्याची रुंदी एक फूट वाढवायला किती खर्च आला असता?

ही तक्रार केवळ आपली आहे असेही नाही. ज्या इंग्लंडचे घर म्हणजे सुबत्तेचा नमुना असे आपण समजतो, तेथील नव्या घरांबद्दल लोक हेच बोलतात: खोल्या लहान, सामान ठेवायला जागा नाही, पलंगाभोवती फिरता येत नाही. गंमत अशी की यावरचा उपायही त्याच देशाने आधी शोधला होता. १९६१ साली पार्कर मॉरिस समितीने घरांच्या मापांविषयी अहवाल दिला. समितीने खोलीचे माप आधी ठरवून माणसाला त्यात बसवले नाही. कुटुंब त्या खोलीत काय करते, कोणते सामान ठेवते, ते वापरताना भोवती किती जागा लागते, हे आधी मांडले आणि त्यावरून जागा काढली. १९६९ पर्यंत ही मापे नगरपालिकांनी बांधायच्या घरांना सक्तीची झाली. १९८० मध्ये ती सक्ती उठवली गेली. खासगी बिल्डरांवर ती कधीच नव्हती. पुढे घरे इतकी आक्रसली की २०१५ मध्ये इंग्लंडला पुन्हा राष्ट्रीय मापे जाहीर करावी लागली, तीही स्थानिक संस्थेने स्वीकारली तरच लागू होणारी. त्यांत दोन शयनगृहांची, तीन माणसांची एकमजली सदनिका किमान ६१ चौरस मीटर, चार माणसांची ७० चौरस मीटर सांगितली आहे. म्हणजे अनुक्रमे सुमारे ६५७ आणि ७५३ चौरस फूट. मोजण्याची रीत आपल्या रेराच्या चटई क्षेत्राशी बरीच मिळती आहे. शिवाय त्यातच दोन चौरस मीटर जागा अंगभूत कपाटांसाठी राखलेली असली पाहिजे. दोन माणसांचे शयनगृह साडेअकरा चौरस मीटरचे, म्हणजे १२४ चौरस फुटांचे हवे.

आपली सातशे फुटांची सदनिका या मापांच्या मधोमध बसते. परंतु ती मापे तीन-चार माणसांसाठी आहेत. आपल्या सातशे फुटांत सहा माणसे, वर्षाचे धान्य, पाण्याची पिंपे, लग्नाच्या गाद्या, आणि वरच्या खणात दुकानाच्या दहा वर्षांच्या वह्या राहतात.

येथे कोणी म्हणेल, जैन गृहस्थाने जागेचा एवढा सोस कशाला धरावा? अपरिग्रह कोठे गेला? आक्षेप योग्य आहे आणि लग्नाच्या गाद्यांबाबत तो मी मान्यही करतो. वापरात नसलेल्या वस्तू काढून टाकल्या तर पुष्कळ घरे आजच मोठी होतील. परंतु वारा, उजेड, आजारी माणसाला उचलून नेण्याची वाट या गोष्टी परिग्रहात मोडत नाहीत. अपरिग्रहाचा उपदेश घर घेणाऱ्याला करायचा आणि जिन्यातून एक फूट वाचवून तो विकणाऱ्याला सोडून द्यायचे, हे न्यायाचे नाही. आणि विकणाऱ्यांतही आपले लोक थोडे नाहीत. जिल्ह्यात भूखंडांचे मालक, बांधकामात भांडवल घालणारे, सिमेंट, लोखंड आणि टाइल्सचे व्यापारी यांत आपल्या समाजाची नावे सापडतात. नकाशा ज्या टेबलावर ठरतो, त्या टेबलाभोवती आपली माणसे बसलेली असतात. तेथे एखाद्याने ‘कूलर कोठे लागेल?’ एवढे जरी विचारले तरी फरक पडेल.

खरेदीदारासाठी माझ्याकडे एक साधी रीत आहे, तिला खर्च नाही. बिल्डरकडून खोल्यांची आतली मापे लिहून घ्यावीत, मुख्य म्हणजे दारे-खिडक्यांच्या जागांसह. आपल्या सध्याच्या घराच्या गच्चीवर किंवा दुकानाच्या गोदामात खडूने तो नकाशा खऱ्या मापात आखावा. त्यात आपला पलंग, आपले कपाट, आईची खाट आणि पाण्याची परात प्रत्यक्ष ठेवून पाहावी. घरातील स्त्रियांनी त्या आखलेल्या स्वयंपाकघरात उभे राहून वाकावे, वळावे, कोठीचा डबा काढल्यासारखे करावे. जागा पाहायला जायचे ते मे महिन्यात दुपारी चार वाजता, दिवाळीच्या सुट्टीत सकाळी नव्हे. नगर परिषदेच्या मंजूर नकाशाची प्रत मागून घ्यावी आणि प्रत्यक्ष बांधकामाशी ताडून पाहावी. पार्किंगसाठी वेगळे पैसे मागितले तर जपून असावे. इमारतीखालची स्टिल्टची जागा ही सर्व रहिवाशांच्या सामाईक वापराची असून ती सदनिकेप्रमाणे वेगळी विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितले आहे.

मागील उन्हाळ्यात आर्णी रोडवर घर घेणाऱ्या एका तरुण दांपत्याने हा खडूचा प्रयोग वडिलांच्या धान्याच्या गोदामात केला. पत्नीच्या ध्यानात आले की दुसऱ्या शयनगृहाच्या बाथरूमचे दार दोन फूट सरकवले तर एक पूर्ण भिंत मोकळी होते आणि सासऱ्यांची खाट खिडकीजवळ येते. इमारतीचे काम तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत आले होते, आतल्या भिंती उभ्या व्हायच्या होत्या. बिल्डरने आधी नाही म्हटले, मग वास्तुविशारदाला विचारले, आणि आठ दिवसांनी दार सरकवण्यास होकार दिला. पैसे मागितले नाहीत. वरच्या दोन मजल्यांवरची दारेही त्याने तशीच सरकवली.